नाव सांगितल्याशिवाय टाइम नाही

माझ्या लिहिण्यात चुका दिसतील, त्या पोटात घालाव्या. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते किराण्याच्या चिठ्ठीपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, आणि अक्षर असं आहे की माझी वैशू म्हणते, "आई, या ओळीवरून कोंबडी चालत गेली का?" ती आता चौथीत आहे, म्हणजे माझ्याएवढी शिकली. तिच्याच जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

मागच्या गल्लीतल्या एका सुनेला टीबी निघाला. ती दाराआड बसून असते. तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलावे असं मला फार वाटतं, पण माझा स्वभाव लाजरा. उंबऱ्यापर्यंत जाते आणि "पाणी आलं का नळाला" असं काहीतरी विचारून परत येते. म्हणून हे लिहून तिला नेऊन देईन. बाई, मला डॉक्टरी कळत नाही. माझं काय झालं तेवढंच सांगते.

म्हैस

वैशू पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. आम्ही सिंदी मेघेला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, अजूनही तिथेच आहोत. वैशूचे बाबा वर्ध्याला कापडाच्या दुकानात कापड मोजतात. माझ्या सासूबाई सेलूला मोठ्या दिरांकडे राहतात. त्यांच्या दोन म्हशी होत्या आणि दुधाचा पैसा त्यांचा स्वतःचा. मी हिवाळ्यात मूगवड्या घालून घरोघरी विकायची.

त्या हिवाळ्यात खोकला लागला. वड्यांच्या डाळीच्या गारठ्याने लागला असेल म्हणून काढा घेतला. मग एका खाजगी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं, टॉनिक दिलं, छातीचा फोटो काढला, परत टॉनिक दिलं. असं होळीपर्यंत चाललं. पैसा संपला तेव्हा सासूबाईंनी दोघींतली दुभती म्हैस विकून पैसे पाठवले. मागितले नव्हते. त्यांनी आपणहून पाठवले हे मी विसरत नाही, कारण पुढे त्यांचा मला खूप राग आला.

एका सकाळी भांडी घासताना खोकले आणि राखेवर रक्त पडलं. मी ते राखेनेच झाकलं. पण वैशूने पाहिलं होतं. तिने बाबांना सांगितलं.

बाक

मोठ्या दवाखान्यात थुंकी तपासली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "टीबी आहे. बरा होतो. पण गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत."

त्या गेल्यावर वैशूचे बाबा थोडे बाजूला सरकले. त्यांच्या आणि माझ्या मधे एक वीत जागा झाली. त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं. मी मात्र त्या जागेकडेच पाहत होते. आमचा एवढा संसार झाला, कधी भांडलोही, पण अशी जागा कधी पडली नव्हती.

वॉर्ड

रक्त पडत होतं म्हणून पंधरा दिवस ठेवून घेतलं. तिथे सकाळ लवकर होते. झाडूवाली पलंगाखालून झाडू मारत जायची, मग ताप पाहणारी सिस्टर, मग गोळ्या, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्या मागे शिकणारी पोरं. ती पोरं माझ्या पाठीला नळी लावून "श्वास घ्या, सोडा" म्हणायची आणि एकमेकांना काहीतरी इंग्रजीत सांगायची. मला लाज वाटायची. नंतर सवय झाली.

माझ्या शेजारच्या पलंगावर तळेगावची एक म्हातारी होती. तिला भेटायला कोणीच येत नसे. मला वैशूचे बाबा भेटायला यायचे, पण खिडकीपाशी उभे राहायचे. वॉर्डात एक आया होती. ती एकदा दुपारी सरळ माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "केसाचा पाह्य काय घरटा झाला! वळ इकडे." तिने माझी वेणी घातली. घालता घालता सांगितलं, "खोकला दाटला की तोंड मिटजो. नाकानं हळू श्वास घेजो अन् थुंकी गिळजो. बावरली की अजून येते खोकला." कोणी केसाला हात लावून बरेच दिवस झाले होते. मी तिच्याकडे पाठ करून रडले, तिला दिसलं नाही. दिसलं असेल तरी ती वेणी घालत राहिली.

सासूबाईंची अट

घरी आले तेव्हा सासूबाई आल्याच होत्या. वैशूचं दप्तर आणि फ्रॉक पिशवीत भरून ठेवले होते.

"पोट्टीले सेलूले नेऊन राह्यली मी," त्या म्हणाल्या. "तिथच्या शाळेत नाव घालून देईन."

मी म्हटलं, "आत्याबाई, डॉक्टर म्हणते का गोळ्या सुरू केल्या की थोड्या दिवसात लागण थांबते."

"डॉक्टर म्हणते! त्या पयल्या डॉक्टरनंबी म्हणलं होतं का टॉनिकनं बरी होईन. माही म्हैस गेली त्या टॉनिकमंधी."

"पण कधी आणसाल तिले?"

"माह्या कानाले तुहा खोकला ऐकू येनं बंद होईन तवा. कागद दाखवू नोको मले. मले कागद वाचता येत नाई, खोकला ऐकू येते."

वैशूला वाटलं सुट्टीला चालली. ती हसत हसत गेली. मी दारातून हात हलवला, जवळ गेले नाही.

गोळ्या

गोळ्या घरी देत नसत. एक दिवसाआड अंगणवाडीत जायचं आणि शोभाताईसमोर गिळायच्या. शोभाताई अंगणवाडीची सेविका, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मी ओसरीत बसून मूठभर गोळ्या गिळायची आणि आत पोरं खिचडी खात बसलेली असायची. आपलं पोर दूर आणि समोर दुसऱ्यांची. ते सगळ्यांत जड जायचं.

एक गोष्ट तुला सांगून ठेवते, कारण ती मला कोणी नीट सांगितली नाही. सांगितली असेल तरी बाप्यांसमोर हळू आवाजात सांगितली. या गोळ्यांनी लघवी लाल होते. मला वाटलं आता तिकडूनही रक्त सुरू झालं. कोणाला सांगू? दोन वेळा मी अंगणवाडीत गेलेच नाही. तिसऱ्या वेळी शोभाताई घरी आली.

"काऊन व? गोळ्या गोड लागत नाई का?"

मी मान खाली घालून पुटपुटले. तिने दोनदा विचारलं तेव्हा तिला कळलं आणि ती भिंतीला टेकून हसली. "अव बाई, ते गोळीचा रंग हाय! होळी खेळून राह्यली तू फुकटात. चाल, गिळ." मीही हसले आणि हसता हसता खोकले. तेव्हा असंच होतं. हसलं की खोकला, मोठ्याने बोललं की खोकला, जिना चढला की खोकला.

सहा महिन्यांनी थुंकी परत तपासली. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही बऱ्या झाल्या.

पोळ्याच्या मागेपुढे सासूबाई वैशूला भेटवायला घेऊन आल्या. मी वरणाला फोडणी दिली, मिरचीचा ठसका लागला आणि मला खोकल्याची उबळ आली. खरं सांगते, तो मिरचीचा ठसका होता. घरातले सगळेच खोकलत होते. पण सासूबाईंनी माझाच ऐकला. त्यांनी जेवण अर्धं टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीने पोरीला घेऊन परत गेल्या. वैशू दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू खोकलू नको नं." जसं काही माझ्या हातात होतं.

मैदान

आमच्या भागात डोंगरे सर राहत. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. ते दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात धावणं ठेवत. फी नाही, बक्षीस नाही. मैदानातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून यायचं, असं दोनदा. सुट्टीतली पोरं, पोलिसभरतीची तयारी करणारे, पोटं सुटलेले दुकानदार, कोणीही यायचं. सर गळ्यात शिट्टी आणि हातात ते बटणाचं घड्याळ घेऊन रेषेवर उभे राहत.

त्यांची एक रीत होती. रेषेवर आलं की प्रत्येकाने आपलं नाव आपणच मोठ्याने सांगायचं. मग सर त्याचा टाइम ओरडून सांगत. लिहीत काही नसत. आपला टाइम आपण लक्षात ठेवायचा आणि पुढच्या रविवारी स्वतःशीच शर्यत लावायची. नाव सांगितलं नाही तर टाइम नाही, मग कलेक्टर का येईना.

शोभाताई दर वर्षी जायची. ती म्हणाली, "चाल, छातीले हवा लागन."

"मी? साडीत?"

"मंग मी का हाफ पँट घालून येऊन राह्यली?"

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या चाला, झेपेल तितकं पळा. म्हणून गेले. पदर खोचला, डोक्याला मफलर बांधला आणि चप्पल रेषेपाशी काढून ठेवली. पहिल्या रविवारी मी पळाले नाही, चालले. सगळ्यांत शेवटी आले. सगळे रेषेपाशी उभे राहून माझ्याकडेच पाहत होते आणि सर म्हणाले, "नाव?"

मी खाली मान घालून तशीच पुढे निघून गेले.

"नाव सांगितल्याशिवाय टाइम नाही, बाई!" ते मागून म्हणाले. मी भिंतीमागे जाऊन खोकले.

तिथे सरांच्या घरच्या काकू किटलीत चहा आणत. कप थोडे असल्यामुळे दोघांत एक कप, एकाने कपातून आणि दुसऱ्याने बशीतून प्यायचा. काकूंनी माझ्यापुढे बशी धरली. मी म्हटलं नको. त्यांनी धरूनच ठेवली. शेवटी मी हळू आवाजात म्हटलं, "मला टीबी होता."

"होता नं?" काकू म्हणाल्या. "मग घ्या, चहा थंडा होऊन राह्यला."

घरी माझी ताटली, माझा गिलास अजून वेगळा होता. वैशूच्या बाबांनीच गिलासाच्या बुडाला खिळ्याने खूण केली होती. आणि इथे एक बाई माझ्या बशीतला उरलेला चहा आपल्या कपात ओतून घेत होती.

पंचफुला

दुसऱ्या रविवारी मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पळून आल्यावर छातीत हवाच नसायची, आणि जोर लावला तर खोकला येईल ही भीती.

तिसऱ्या रविवारी पाण्याच्या टाकीपासून थोडी पळाले. रेषेवर आले, सरांनी भुवया वर केल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "पंचफुला!"

मलाच धक्का बसला. माझं नाव सुनीता. लग्नात ताटातल्या तांदळावर सासूबाईंनी ते लिहवून घेतलं होतं. पंचफुला हे माहेरचं. आई गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. शेतातून हाक मारायचे तसं ते लांब नाव आहे, त्यामुळे ओरडायला ते बरं पडलं असेल.

सरांनी गंभीरपणे टाइम सांगितला. अर्ध्या तासाच्या थोडा आत.

शोभाताई धावत आली. "अव, तू सुनीता होती नं?"

"हो."

"मंग हे कोण पळाली?"

तेव्हापासून मैदानात मी पंचफुला. पोरं रस्त्यातही "पंचफुला काकू, राम राम" म्हणायची. दर रविवारी थोडी जास्त पळायची, थोडी कमी चालायची. एखाद्या रविवारी धुकं असलं की छाती भरायची, टाइम वाढायचा. पण नाव सांगताना आवाज सुटायला लागला.

त्याच दिवसांत काकूंनी मला मूगवड्या मागितल्या. त्या हिवाळ्यात माझ्या वड्या कोणी घेत नव्हतं. तोंडावर कोणी बोलत नसे. "औंदा घरीच घातल्या" म्हणायचे, आणि त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेलं काही दिसत नसे. काकूंनी मैदानात सगळ्यांसमोर मागितल्या. मग दुसऱ्या एकीने मागितल्या. मला दर आठवड्याला पळताना पाहत होत्या, म्हणून असेल.

वैशूचे बाबा एकदा सायकलवरून मला पाहून गेले. मला नंतर शोभाताईने सांगितलं. त्यानंतर माझा गिलास सगळ्या गिलासांत केव्हा मिसळला मला कळलं नाही. एक दिवस ते पाणी पीत होते आणि गिलासाच्या बुडाला खिळ्याची खूण दिसली.

शेवटचा रविवार

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्या वर्षीचं धावणं संपणार होतं. मी वैशूच्या बाबांना म्हटलं, आत्याबाईंना घेऊन या. कान घेऊन या म्हणावं. ते शनिवारी जाऊन दोघींना घेऊन आले. सासूबाई रात्रभर माझ्या खोलीकडे कान लावून होत्या. मला झोप नव्हती, पण खोकला आला नाही.

सकाळी त्या घोंगडी पांघरून मैदानाच्या भिंतीवर बसल्या. वैशू त्यांच्या मांडीशी. सरांची शिट्टी वाजली तेव्हा मी पदर खोचून रेषेवर उभी होते. आज खोकला आला तर पोरगी पुन्हा गेली, एवढंच डोक्यात.

शोभाताई माझ्यासोबत होती. "हळू व, हळू. बैल नाई सुटला मागं."

पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्या फेऱ्यात टाकीच्या पुढे घशात खवखव सुरू झाली. मला ती ओळखीची होती. मी तोंड मिटलं, नाकाने हळू श्वास घेतला, थुंकी गिळली. वॉर्डातली आया आठवली. पायांनी पळणं सोडलं नाही. रेषा दिसली, भिंतीवर वैशू उभी राहिलेली दिसली.

"पंचफुला!" मी ओरडले.

"पंचफुला!" सरही ओरडले आणि टाइम सांगितला. तो माझा सगळ्यांत चांगला टाइम होता. पण तो कोणाला ऐकूच आला नाही, कारण सासूबाई घोंगडी सावरत रेषेवर आल्या होत्या.

"कोन पंचफुला? अव सुनीता, तुहं नाव मी बदललं होतं नं! पाच बायांसमोर बदललं! मास्तर, सुनीता लिवा."

"आजी, आम्ही लिहीत नाही. फक्त ऐकतो."

"मंग नीट आयका नं बाप्पा! एवढी शाळा शिकवली अन् सुनेचं नाव धड आयकता येत नाई?"

सगळं मैदान हसायला लागलं. सर हसले, काकू किटली खाली ठेवून हसल्या, शोभाताई तर बसलीच. मलाही हसू आलं. दाबलं तरी दबेना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

सासूबाई एकदम थांबल्या. माझ्याकडे पाहत राहिल्या.

"हास अजून," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हास म्हणते नं. अजून हास."

तेव्हा मला कळलं. आता हसायला येत नव्हतं, तरी मी हसले. आवाज फक्त हसण्याचा होता. त्यांनी मान थोडी तिरपी करून ऐकलं, दुधात पाणी आहे का ते बोट बुडवून पाहतात तसं. मग वैशूचा हात धरून तिला माझ्याकडे ढकललं.

"पोट्टीचे कपडे सेलूले राह्यले," त्या म्हणाल्या. "बुधवारी आणून देईन."

वैशू माझ्या कमरेला चिकटली आणि म्हणाली, "आई, तुझं नाव पंचफुला आहे?"

काकूंनी सासूबाईंसमोर चहा धरला. मी मुद्दाम काही केलं नाही, पण कप एकच उरला होता. बशी त्यांनी घेतली, कप मला दिला.

म्हशीचे पैसे

सासूबाईंनी म्हशीचे पैसे कधी मागितले नाहीत. पण आमच्याकडे आल्या की चहा पिताना म्हणायच्या, "विकतचं दूध हाय. पानी हाय निरं." मला समजायचं. वड्यांचा पैसा मी डब्यात वेगळा ठेवत गेले. हिवाळा संपला की जेवढे जमले तेवढे सेलूला नेऊन द्यायची. बाई, आजार गेला तरी त्याच्या मागचं हे सगळं राहतं आणि ते सावकाश जातं. घाबरू नको. जातं.

या संक्रांतीला शेवटचे दिले. सासूबाईंनी नोटा न मोजता पदराच्या गाठीत बांधल्या.

मी म्हटलं, "मोजा नं, आत्याबाई."

"कशाले? झाले, मले मालूम हाय. पुरे झाले."

मागच्या आठवड्यात त्यांनी त्या पैशात बाजारातून म्हशीची एक वगार आणली. काळीभोर, वर्षभराची, अजून दूध द्यायला वेळ आहे. मी आणि वैशू पाहायला गेलो. सासूबाई गोठ्यात तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तिला नावाने बोलत होत्या. नाव ऐकून वैशू ओरडलीच, "आजी, हे तर आईचं नाव!"

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "चांगलं नाव हाय. घरात रिकामं पडून राह्यलं होतं."